सहादूने बांधलेला गोठा

शरणपूर रोडच्या मागच्या अंगाला आशा कॉलनी नावाची अठरा बंगल्यांची वसाहत आहे. तिच्या फाटकावर सहादू भोये चौदा वर्षं वॉचमन होता. वॉचमन हे कागदोपत्री. बाकी पाण्याच्या मोटरीपासून हरवलेल्या मांजरापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडायचं. कुणाचा गॅस संपला, कुणाचं पार्सल आलं, कुणाच्या सासूबाई रागावून रिक्षात बसल्या, याची पहिली खबर सहादूला. आणि एकदा खबर त्याच्या पोटात गेली की तिथेच मुक्काम करायची. एवढ्या एका गुणावर माणूस चौदा वर्षं सहज काढतो.

मूळचा तो पेठकडचा, डोंगरातला. गावाकडे थोडी भाताची, थोडी नागलीची जमीन. ती आता मुलगा दत्तू कसायचा. बायको धोंडाबाई तिकडेच. सहादू इकडे फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. होळीला आणि भातकापणीला तो घरी जाई आणि नाताळच्या लायटिंगच्या गोष्टी सांगून पाड्यावरच्या लोकांना वेड लावी. धोंडाबाई तेवढी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्या गप्पा न् डोंगराला टप्पा." पण एकदाही बघायला आली नव्हती. शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या, हा तिचा सवाल असे.

कॉलनीत बहुतेक घरं ख्रिस्ती. वीस डिसेंबर उजाडला की गच्चीगच्चीवर चांदण्या चढायच्या, कंपाउंडवर माळा, कुणाच्या अंगणात कापसाचा बर्फ, कुणाच्या दारात घंटा वाजवणारा विजेवरचा म्हातारा. संध्याकाळ झाली की पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंतची माणसं पोराबाळांना घेऊन लायटिंग बघायला यायची. अठरा घरांची ही परिक्रमा झाली की पुढच्या गल्लीत, मग त्याच्या पुढच्या. कॉलनीच्या फाटकाशी एक टेबल असायचं. त्यावर करंज्या, शेव, चकल्या. दिवाळी संपून महिना उलटला तरी फराळ संपला नाही, असं नवख्याला वाटे. पण नाताळचा फराळ तो वेगळा, आणि येणाऱ्याच्या हातावर करंजी ठेवल्याशिवाय त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही असा कॉलनीचा शिरस्ता होता.

त्या वर्षी मात्र सहादूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नोव्हेंबरच्या सभेत ठरलं होतं की एक जानेवारीपासून फाटकावर एजन्सीची माणसं येणार. निळा गणवेश, कॅमेरे, रजिस्टर. सेक्रेटरी उजागरेसाहेबांनी त्याला बोलावून नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बँकेत जन्म गेला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नियमात बसली की त्यांना शांत झोप लागायची, इतकंच. सहादू "बरं साहेब" म्हणाला आणि खोलीत येऊन बसला तो तासभर उठलाच नाही. छप्पन्नाव्या वर्षी नवीन फाटक कोण देणार? गावी जावं तर दत्तूच्या तुकड्यावर चार तोंडं आधीच होती. उरली द्राक्षबागेतली मजुरी, आणि ती तर गुडघ्यांनी केव्हाच बंद केली होती.

अशात अमोलिकबाईंनी त्याला हाक मारली. सुवार्ता अमोलिक, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या कॉलनीला त्यांनी पाढे शिकवलेले. उजागरेसुद्धा त्यांचाच विद्यार्थी. सजावटीचं खातं त्यांच्याकडे होतं.

"सहादू, दर वर्षी तो थर्माकोलचा गोठा आणतो आपण. कंटाळा आला त्याचा. तू खरा गोठा बांधशील?"

"किती गुरांचा?" सहादूने विचारलं.

बाई हसल्या. "दोन बैल पुरेत. ख्रिस्ताचा जन्म गोठ्यात झाला, ते दाखवायचंय."

सहादूच्या मनाने तिथेच उडी घेतली. गोठा असा बांधायचा की सगळ्या सभासदांनी म्हणावं, या माणसाला कसं सोडायचं! त्याने गावाहून येणाऱ्या जीपवाल्याकडून कारवीच्या काड्या मागवल्या, भाताचा पेंढा मागवला. भिंतींसाठी काड्यांचा कूड विणला, शेणमातीने सारवला, वर पेंढ्याचं छप्पर केलं. आढ्याला नागलीची कणसं बांधली. मातीचे दोन बैल केले, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे, डांगी जातीचे. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटे. मरियम, योसेफ आणि बाळ येशू तेवढे चर्चच्या पेटीतले जुने, प्लास्टरचे. योसेफाच्या नाकाचा टवका उडाला होता, तो सहादूने चिखल लावून भरला. आणि मग दोन खांबांना जुन्या धोतराची झोळी बांधून त्याने बाळाला अलगद आत निजवलं.

बावीस तारखेला उजागरेसाहेब पाहणीला आले. छपराखाली वाकून बघितलं, कूड बघितला, बैलांशी तर दोन मिनिटं उभे राहिले. मग त्यांची नजर झोळीवर गेली.

"सहादू, हे काय? बाळ गव्हाणीत पाहिजे. पवित्र शास्त्रात गव्हाण आहे."

"साहेब, गव्हाणीत लेकरू कसं ठेवायचं? बैल भुकेला असला तं वैरणीसंगं लेकरू ओढंल."

"मातीचे बैल आहेत ते!"

"मातीचे हायती, पण बैलच हायती ना," सहादू हळूच म्हणाला.

"हे बघ, बाहेरची माणसं येणार. बिशपसाहेबांच्या ऑफिसातली पण येतील. आपल्याला चूक परवडत नाही. उद्यापर्यंत गव्हाण कर."

दुसरी कुठली वेळ असती तर सहादूने वाद घातला असता. पण आठ दिवसांवर नोकरी जायची होती आणि या एका माणसाच्या शब्दावर सगळं होतं. त्याने झोळी सोडली, फळ्या ठोकून गव्हाण केली, वैरण घातली आणि त्यात बाळ ठेवलं. ठेवताना त्याला कसंसंच झालं. मनातल्या मनात त्याने बाळाची माफी मागितली आणि ते कुणाला सांगितलं नाही.

चोवीस तारखेला दुपारी पेठच्या एसटीने धोंडाबाई आली. लायटिंग बघायला नव्हे, नवऱ्याचं सामान न्यायला. चौदा वर्षांचा संसार एकट्याने कसा उचलणार, म्हणून. खोलीतली पातेली, घोंगडी, ट्रंक बघून ती म्हणाली, "एवढंच? म्या तं दत्तूला जीप सांगून आले."

संध्याकाळी दिवे लागले आणि अमोलिकबाईंनी फाटकावर आपली खुर्ची टाकली. "सहादू, तासभर मी बघते गेट. धोंडाबाईंना फिरवून आण."

"बाई, गर्दी..."

"वर्गात साठ-साठ पोरं सांभाळलीत मी. जा."

मग चौदा वर्षांत पहिल्यांदाच सहादू फाटकाच्या आतून, पाहुण्यासारखा, कॉलनी फिरला. धोंडाबाई पदर सावरून त्याच्या मागे. पहिल्या घरावर निळ्या माळांचा धबधबा सोडलेला. दुसऱ्या घरी सुरूच्या झाडाला सोनेरी गोळे. तिसऱ्या घरी तो घंटावाला म्हातारा कमरेत लवून लवून नाचत होता.

"ह्यो कोण?"

"सांताबाबा. पोरान्ला खाऊ देतो."

"या वयात नाचतो होय? गुडघं चांगलं दिसत्यात त्याचं," धोंडाबाई म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघितलं.

पाचव्या घरच्या चांदणीपाशी ती थांबली. हातभर लांब शेपटीची, विझत-पेटत जाणारी. बराच वेळ बघितल्यावर ती म्हणाली, "गप्पा नव्हत्या म्हणायच्या तुमच्या." एवढंच. पण सहादूला चौदा वर्षांचा पगार एकदम हातात पडल्यासारखं झालं. तो पुढच्या प्रत्येक घराची माहिती सांगू लागला, कुणी माळा कुठून आणल्या, कुणाचा फ्यूज किती वेळा उडाला. जणू अठराही घरं त्याचीच. मध्येच त्याला आठवे की एकतीस तारखेनंतर यातलं काहीच आपलं नाही.

शेवटी दोघं कॉलनीच्या मैदानात, गोठा बांधला होता तिथे आले. गोठ्यापुढे पंचवीस-तीस माणसं उभी होती, मोबाइल वर करून. धोंडाबाईने कूड बघितला आणि तिच्या तोंडावर हसू आलं. कूड विणायची नवऱ्याची पद्धत ती शंभरांत ओळखेल. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"ही बाई कोण?"

"मरियम. बाळंतीण हाय."

"मग गोठ्यात का? घर नव्हतं?"

"परगावी आलेली माणसं. दारोदार हिंडली, कुणी जागा दिली नाय. मग गोठ्यात..."

धोंडाबाईची नजर गव्हाणीवर गेली होती. वैरणीत बाळ, आणि वैरणीवर वाकलेले दोन बैल. सहादूला काही कळायच्या आत ती गर्दी अडवायला बांधलेली दोरी ओलांडून आत शिरली.

"अगं, अगं..."

"कोण मेला लेकराला गुरांच्या तोंडाशी ठेवतो!" आवाज असा की मैदानातले सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. तिने बाळ उचललं, छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने खांद्यावरचा फडका ओढला आणि दातात एक टोक धरून दोन खांबांमध्ये झोळी बांधलीसुद्धा. बाळाला आत निजवलं, कडेला पदराची एक चिंधी बांधून तिची दोरी केली आणि खाली बसून हलकेच हलवू लागली.

सहादूच्या पायाखालची जमीन सरकली. पोटासाठी आपण जी झोळी सोडली, तीच ही बाई एवढ्या माणसांदेखत बांधून बसली होती. आता उरलीसुरली आशाही गेली. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या क्षणी त्याला तिचा राग येण्याऐवजी स्वतःचीच लाज वाटली.

गर्दीतली एक बाई पुढे आली. पंचवटीची असावी, कपाळभर कुंकू. तिने चपला काढल्या, वाकून झोळीची दोरी दोनदा ओढली, बाळाला हात जोडले आणि बाजूला झाली. तिच्या मागे दुसरी आली. मग एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन. जन्मोत्सवाला पाळण्याची दोरी ओढायची, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. बघता बघता रांग लागली. मोबाइल खिशात गेले, कारण दोरी ओढायला हात रिकामा लागतो.

रांग बघून उजागरेसाहेब लगबगीने आले. गोठ्यापाशी पोचले आणि थबकले. सहादू पुढे झाला, "साहेब, तिला ठाऊक नव्हतं, म्या आत्ता..." पण धोंडाबाईला वाटलं, हा गृहस्थ रांग मोडून पुढे घुसतोय.

"थांब बाबा, नंबरानं. न् दोरी हळू वढ, लेकरू हाय."

साहेब खरंच थांबले. शाळेनंतर त्यांना असं कुणी बोललं नसावं. त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, "बाई, गव्हाणीतून का काढलंत?"

"मग काय करू?" धोंडाबाई म्हणाली. "माझा दत्तू बागंच्या शेडमदी झाला. द्राक्षाच्या कामाला गेलेलो, आठवा सरून नववा लागला हुता मला. मालकाकडं वसरीची जागा मागितली, नाय दिली. बाजूला म्हशी बांधलेल्या. ह्यान्नी रातभर जागून धोतराची झोळी धरली. खांबाला बांधली तं म्हस वढंल, म्हून हातानं धरून उभे राह्यले. सकाळपत्तुर." तिने सहादूकडे बोट दाखवलं. "त्यान्ला इचार. गोठ्यात पोर झालेलं त्यान्ला ठाऊक हाय. ते गव्हाणीत पोर नाय ठेवायचे. कुणीतरी दुसऱ्यानं ठेवलं असंल."

रांग ऐकत होती. सहादूने मान खाली घातली. दत्तूच्या जन्माची ही गोष्ट त्याने या कॉलनीत कुणालाही सांगितली नव्हती. तीही खबर पोटातच होती. उजागरेसाहेब बराच वेळ प्लास्टरच्या योसेफाकडे बघत राहिले, त्याच्या चिखलाच्या नाकाकडे. लहानपणापासून दर नाताळला ऐकलेली गोष्ट. जागा मागत हिंडणारी ती दोन माणसं. आणि ज्याला आठ दिवसांनी फाटकाबाहेर काढायचा ठराव आपण स्वतः टाइप केला, तो समोर हात बांधून उभा.

त्यांनी बूट काढले. रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. वीस मिनिटांनी त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी वाकून दोरी ओढली, अगदी हळू.

मग ते सहादूपाशी आले. चष्मा पुसत म्हणाले, "एजन्सीला उद्या सुट्टी असेल. परवा फोन करतो. रात्रीपुरता एकच माणूस पाठवा म्हणून सांगतो."

"आन् दिवसा साहेब?"

"दिवसा आपला माणूस आहे की. सभेत कोण नाही म्हणतं बघतो मी. आणि ती खोली जरा वाढवून घेऊ. दोघांना पुरायची नाही."

सहादूचे डोळे भरून आले. चारचौघांत रडायचं कसं, म्हणून तो गर्कन रांगेकडे वळला आणि दोन्ही हात वर करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, "चला, चला, लाइन धरा! एका लायनीत!"

"ओरडू नगा," धोंडाबाई झोळीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "लेकरू उठंल."