लेबलं धुऊन गेलेल्या बाटल्या

बावीस वर्षं एकाच दवाखान्यात औषधं बांधून दिली आणि मग डॉक्टरच निवृत्त झाले, तेव्हा कंपाउंडर रिकामे झाले. बायकोच्या धाकट्या भावाचं इटालियन रेस्टॉरंट होतं. "भाऊजी, बाटल्यांची सवय तुम्हाला आहेच," असं म्हणत त्याने त्यांना वाइन सुचवायच्या कामाला लावलं.

कंपाउंडरांनी वाइनचं जाडजूड पुस्तक दोन महिन्यांत तोंडपाठ केलं. गिऱ्हाईक बसलं की ते वाकून "काय घेताय?" असं विचारत. आवाज असा, की माणूस पास्त्याऐवजी गुडघेदुखीच सांगू लागावा. मग सुरू व्हायची पोपटपंची : डोंगरउतारावरची द्राक्षं, चेरीचा गंध, अठरा महिने लाकडी पिंपात. त्यांना स्वतःला मात्र प्रत्येक वाइन खोकल्याच्या औषधाची लांबची नातेवाईक वाटायची. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

एके दिवशी तळघरातला नळ फुटला. आदल्या दिवशीच, कंपाउंडर सुट्टीवर असताना, आठ प्रकारच्या वाइनची आठ खोकी आली होती. सकाळी ते खाली उतरले तर खोक्यांचा लगदा झालेला, लेबलं पाण्यावर तरंगताहेत आणि बाटल्या उघड्याबोडक्या. आठ ढीग वेगवेगळे, एवढंच कळत होतं. कुठला ढीग कशाचा, ते ब्रह्मदेवच जाणे.

"चाखून सांगा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "तुमच्या जिभेवर माझा भरवसा आहे."

कंपाउंडरांनी मान डोलावली आणि ते वर आले. त्यांनी बायकोला फोन केला. "अगं, जरा येतेस? जड उचलायचंय."

ती आली. तळघराच्या पायरीवरच त्यांनी कबुली दिली, "मला यातलं काही कळत नाही गं."

"ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"भाजीत मीठ नसलं तरी मान डोलावता, तेव्हापासून."

आचाऱ्याने चार ताटल्या मांडून दिल्या : टोमॅटोचा पास्ता, क्रीमचा पास्ता, भाजलेला मासा आणि मंद आचेवर शिजवलेलं मांस. कंपाउंडरांनी प्रत्येक ढिगातली एकेक बाटली उघडली. बायकोने पदर खोचला, माशाचा घास घेतला, वर काळपट लाल वाइनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ई! किल्ली चाटल्यासारखं लागतंय." तीच वाइन तिने मांसाबरोबर घेतली. "आता बघा कशी गुणाची झाली!"

क्रीमच्या पास्त्याबरोबर तिने एक गोडसर पांढरी वाइन घेतली. "दोघंही गोडबोले. कोणीतरी भांडणारं हवं ना!" पुढची पांढरी आंबट, तरतरीत निघाली. "हां, ही क्रीमला धारेवर धरते." टोमॅटोशी तिने तीन लाल वाइन लावून पाहिल्या. "या दोघी त्याच्यापुढे पाणी होतात. टोमॅटो स्वतः आंबट आहे, त्याला तेवढीच आंबट सोबत हवी. ही तिसरी."

कंपाउंडर तिच्या मागोमाग घास घेत होते, घोट घेत होते. तिसऱ्या लाल वाइनला ते एकदम थांबले. टोमॅटो गोड झाला होता. "अगं, खरंच की!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की आचारी धावत आला.

मग त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. "मांसाबरोबर. माशाबरोबर देऊ नये." "क्रीमच्या पास्त्याबरोबर. थंड करून." "जेवणानंतर, गोडाबरोबर. थोडीच."

"भाऊजी, हे रेस्टॉरंट आहे की दवाखाना?" मेहुण्याने कपाळाला हात लावला. पण गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती.

पहिलेच आले ते नाकाने कांदे सोलणारे प्राध्यापक. दर खेपेला मासा आणि त्यावर सगळ्यात जड लाल वाइन, हा त्यांचा नेम. चिठ्ठी वाचून ते फणकारले, "देऊ नये? मला कोण सांगणार?"

एरवी कंपाउंडरांनी डोंगरउतार सुरू केला असता. आज ते एवढंच म्हणाले, "साहेब, किल्ली चाटल्यासारखं लागेल."

प्राध्यापकांनी हट्टाने घोट घेतला, घास घेतला आणि ग्लास दूर सारला. इतकी वर्षं जे लागत होतं, त्याला आज नाव मिळालं होतं. त्यांनी पांढऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं. ताटली साफ झाल्यावर विचारलं, "या चिठ्ठ्या कोणाच्या?"

"अक्षर माझं," कंपाउंडर म्हणाले, "जीभ बायकोची."

आठवड्याभरात लोक चिठ्ठ्या वाचायलाच येऊ लागले. मेहुण्याने बहिणीपुढे नोकरी ठेवली. "बसून जेवेन," तिने बजावलं, "कोणाला वाढणार नाही." तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसते, कंपाउंडर ओततात, ती निकाल देते. परवा तिने वाइन ठेवून घेतली आणि सॉस परत पाठवला, खारट म्हणून. आचारी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मीठ कमी केलं.