मशेरी न भाजणारी सून

माझ्या आत्याला सासरच्यांनी हाकलून दिलं होतं. मशेरीवरून.

आज पहाटे ती गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आत्या लग्न होऊन चौकहून कुंभिवलीला गेली. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून सासूला दातांना लावायला मशेरी करायची, हे तिकडे सुनेचं काम. आत्या नाही म्हणाली. तिची आई, म्हणजे माझी आजी, नुकतीच तोंडाच्या कॅन्सरने गेली होती.

"भाकऱ्या सांगाल तेवढ्या भाजीन. मशेरी नाय. आयेची भाजली तेवढी पुरे."

"मंग जा बापाकडं!"

ती आली.

भातकापणी झाल्यावर सासू स्वतः न्यायला आली. जेवताना पहिल्याच घासाला तिने गाल धरला.

"काय झालं?"

"तिखट झोंबतं गं. लय दिस झालं."

आत्याने बॅटरी मारून तोंडात पाहिलं. गालात पांढरा चट्टा.

"येते मी. पण आधी कर्जतचा डॉक्टर, मंग कुंभिवली."

"सून हायेस का पोलीस गं?"

"दोनी."

बायोप्सी झाली. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे चट्टे रोज मायक्रोस्कोपखाली बघते.

निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते. फार बिघडली तर स्वतःहून मरते. तंबाखूमुळे तिच्या जनुकांत वर्षानुवर्षं बिघाड साठत जातात. एकेक ब्रेक निकामी होतो. मग ती थांबतही नाही आणि मरतही नाही.

सगळे चट्टे तिथवर जात नाहीत. तंबाखू सोडली की धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून आत्याने सासूला वाचवलं, असं मी लिहिणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

एवढं नक्की, की सासूची मशेरी सुटली. शिव्या देत सुटली, पण सुटली. चट्टा हळूहळू विरला. पुढे शेजारणी मशेरी मागायला आल्या की तीच दारातून ओरडायची, "आमच्यात नाय मिळायची! सून मारते!"

नातवंडांची लग्नं बघून गेली ती. आत्याच्या मांडीवर.

आम्ही रिपोर्टमध्ये 'तंबाखू बंद, नियमित तपासणी' असं लिहून सही करतो. पुढचं काम घरात कुणीतरी करावं लागतं, रोज, शिव्या खात. आमच्या घरात ते आत्याने केलं.

मला तिचा फार अभिमान आहे.

आत्या, शेवटचा जय भीम.