बाही लागली

माझा नवरा विश्वास पेडणेकर मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर होता. आज हे वाक्य मी सरळ लिहून मोकळी झाले, पण कुवेतमधली पंधरा वर्षं मी ते कुणापुढे उच्चारलं नाही.

मार्कर म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशी उभा राहून गुण मोजणारा माणूस. चेंडू लावायचे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू घासून द्यायचा, फळ्यावरचा काटा सरकवायचा, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विश्वासचे वडील त्याच जिमखान्यात शिपाई होते, म्हणून हा एकोणिसाव्या वर्षी तिथे लागला. एकदा टेबलावरचं हिरवं कापड, म्हणजे बनात, बदलताना पात्याने बोट कापून घेतलं आणि परळच्या इस्पितळात आला. तिथे मी नर्स होते. डॉक्टर टाके घालत असताना हा मला विचारतो, "सिस्टर, या बोटाने क्यू धरता येईल ना?" मी म्हटलं, "आधी चमचा धरा." तिथून आमचं जमलं. तेव्हा मला मार्कर या शब्दाची लाज वाटत नव्हती. उलट मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे, की माझा होणारा नवरा रोज रमाकांत देवरुखकरांच्या शेजारी उभा असतो.

रमाकांत देवरुखकर हे आमच्या आयांच्या पिढीचे हिरो. माझ्या आईने ट्रंकेच्या झाकणाला आतून त्यांचा फोटो चिकटवला होता आणि बाबांनी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. पडद्यावर ते घोडे उडवायचे, पण विश्वास सांगायचा ते वेगळंच. शूटिंग नसेल त्या दुपारी साहेब जिमखान्यात यायचे, हातातलं घड्याळ काढून त्याच्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "चला विश्वासराव." वीस-बावीस वर्षांच्या शिपायाच्या मुलाला राव म्हणणारा तो एकच माणूस.

त्याची एक गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली, की आमची मुलगी जुईली ती इंग्रजीतून पुरी करायची. जिमखान्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना. साहेबांना जिंकायला दोन फटके उरलेले. वाकून नेम धरताना त्यांच्या सदऱ्याची बाही लाल चेंडूला निसटती लागली. अंगावरचा कपडा लागला तरी तो फाउल. कुणाला दिसलं नाही, विश्वासला दिसलं. पण तिथला रिवाज असा, की मार्करने फाउल बघितला तरी आधी खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. माणसाला स्वतः सांगायची संधी द्यायची. विश्वासने मान वर केली, तोवर साहेब सरळ उभे राहून म्हणाले होते, "विश्वासराव, फाउल. बाही लागली." सामना हरले. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी विश्वासने न विचारता त्यांची बाही कोपरापर्यंत दुमडून दिली, आणि पुढची सहा वर्षं रोज दिली.

मी ब्याण्णव साली सरकारी इस्पितळातल्या नोकरीवर कुवेतला आले. वर्षभराने विश्वास आणि जुईली आले, माझ्या व्हिसावर. बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा म्हणजे तिथे जरा नाजूक विषय. त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका इंजिनियरच्या बायकोने मोदक वाढता वाढता विचारलं, "तुमचे मिस्टर मुंबईला काय करायचे?" आजूबाजूला सगळ्या तेल कंपन्या आणि रिफायनऱ्या बसलेल्या. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "जिमखान्याचे सेक्रेटरी होते."

घरी येऊन मी विश्वासला ते सांगितलं. तो म्हणाला, "मला सेक्रेटरीचं काम येत नाही गं." मी म्हटलं, "कुणी करायला सांगतंय?" त्यावर तो हसला, पण मंडळात यायचं त्याने सोडलं ते सोडलंच. कुणी काही विचारलं तर खोटं बोलावं लागेल, त्यापेक्षा मी घरी जुईलीचा अभ्यास घेतो, म्हणाला. पुढे व्हिसा बदलून तो कुवेतच्याच राई नावाच्या भागातल्या एका बिलियर्डच्या दुकानात कामाला लागला. टेबलं जोडायची, पाणसळ लावून सपाट करायची, बनात ताणून ठोकायची. मी बाहेर सांगायचे, "शोरूम सांभाळतात." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी मी ती मूठ झाकून ठेवली, आणि आत काय आहे ते मलाच आठवेनासं झालं.

दोन हजार एक साली रमाकांत देवरुखकर गेले. बातमी कळली त्या दिवशी विश्वास जेवला नाही. मी रागावले. मला पटकन राग येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी येतो. म्हटलं, "सख्खे होते का तुझे?" तो म्हणाला, "माहीत नाही. पण तसं वाटतंय खरं."

त्याच महिन्यात मुंबईहून सिरियलवाल्या कलाकारांचा एक ताफा कार्यक्रमासाठी कुवेतला येणार होता. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष शरदराव, पुण्याचे केमिकल इंजिनियर. त्यांच्या डोक्यात आलं, की ताफ्यातला नचिकेत हा हिरो रमाकांतजींच्या हाताखाली तयार झालेला आहे, तर शुक्रवारी दुपारी बनेद अल-गार भागातल्या आपल्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये श्रद्धांजली ठेवू. आणि साहेब बिलियर्ड खेळायचे, म्हणून श्रद्धांजलीनंतर कलाकारांबरोबर पूलचा, म्हणजे बिलियर्डच्याच धाकट्या भावाचा, सामना. फोटोला हार, शेजारी समई आणि समोर पूलचं टेबल. आमच्या मंडळाला काहीही सुचू शकतं. टेबल राईच्या एका दुकानाने दोन दिवसांसाठी द्यायचं कबूल केलं होतं. कुठल्या दुकानाने, ते विचारायचं मला सुचलं नाही. विश्वासही सकाळी फक्त "एक टेबल लावायचंय" म्हणून बाहेर पडला. मी त्याला कार्यक्रमाचं सांगितलंच नव्हतं.

सकाळी दहाला मी कागदी झेंडूच्या माळा घेऊन हॉलमध्ये शिरले. बरोबर शरदरावांच्या रेखाताई. त्या दोघांना कुवेतला येऊन चारच वर्षं झाली होती, विश्वासला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टेबलाखाली दोन माणसं गुडघ्यावर बसलेली. एक मजीद, विश्वासचा जोडीदार, मूळचा रत्नागिरीचा, आमच्याकडे कितीदा जेवलेला. दुसऱ्याची मला पाठच दिसत होती, पण ती पाठ मला ओळखता येणार नाही तर कुणाला?

रेखाताई म्हणाल्या, "भैया, और कितना टाइम?"

विश्वास बाहेर आला. त्याने हारातला फोटो पाहिला, मग मला पाहिलं. मजीदने तोंड उघडलं होतं, तो "वहिनी" म्हणणार होता. विश्वासने माझं तोंड वाचलं. काय लिहिलं होतं त्यावर, ते मला सांगायला नको. त्याने टोपी खाली ओढली आणि म्हणाला, "दस मिनिट, मॅडम. मजीद, इस्त्री देना."

तो बनातीवर इस्त्री फिरवत होता आणि मी चार हात अंतरावर माळ बांधत होते. रेखाताई मला म्हणाल्या, "कामाची माणसं बरी वाटतात, नाही?" मी म्हटलं, "हो." जाताना विश्वास फोटोसमोर क्षणभर थांबला. हातात हातोडी होती म्हणून नमस्कार नीट करता आला नाही, नुसती मान लववली. तेवढीच त्याची श्रद्धांजली.

चार वाजता हॉल भरला. शरदराव बिलियर्डवर वीस मिनिटं बोलले, आदल्या दिवशी कुठेतरी वाचून आल्यासारखे. कुणी साहेबांचे संवाद म्हटले, कुणी गाणं म्हटलं. मग नचिकेत उठला. कोवळा, गोरागोमटा पोरगा, मला वाटलं हा काय बोलणार. पण तो बोलू लागला आणि माझ्या हातातला चहा निवला.

"साहेब शेवटच्या वर्षांत मला पूल शिकवायचे," तो म्हणाला. "जिमखान्यात जाणं सुटलं होतं, घरीच छोटं टेबल होतं. खेळायच्या आधी बाही दुमडून घ्यायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, ही सवय आमच्या विश्वासराव मार्करची. तो कुवेतला गेला, पत्ता नाही दिला लेकाने. तू कधी गेलास तर शोध, आणि त्याला एवढंच सांग, अजून बाही दुमडूनच खेळतो." नचिकेत थांबला, मग हॉलभर बघत म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी विश्वासराव मार्करना ओळखतं का? मी उद्या संध्याकाळपर्यंत आहे. मला त्यांना भेटायचंय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मंडळात आम्ही सगळे एकमेकांना आडनावानेच ओळखायचो. पेडणेकर म्हणजे सेक्रेटरी, तेही कधी न दिसणारे. शरदराव म्हणाले, "मार्कर वगैरे म्हणजे, जलीबकडे चौकशी करावी लागेल. लेबर लोक तिकडे राहतात." दोन-चार जण हसले. रेखाताईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचे मिस्टर जिमखान्यातच होते ना हो? त्यांना माहीत असेल?"

मी म्हटलं, "नाही. इतकी माणसं असतात तिथे."

देवाने एवढी संधी ताटात वाढून दिली होती. उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, तो माझा नवरा आहे, सकाळी हे टेबल त्यानेच लावलं. तीन वाक्यं पुरली असती. मला ती आली नाहीत. भिंतीशी मजीद उभा होता, टेबलाचा ब्रश हातात घेऊन. दुकानाने त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्याला मराठी कळतं हे मला ठाऊक होतं, पण त्या हॉलमध्ये मी त्याला माणसांत मोजलंच नाही. नंतर कलाकार पूल खेळले. एकाने पांढरा चेंडूच टेबलाच्या खिशात घातला, म्हणजे सरळ फाउल, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साडेसातला मी घरी आले. विश्वासने आमटी टाकली होती.

"टेबल कसं लागलं होतं? चेंडू सरळ जात होते?"

"हो."

"साहेबांबद्दल काय बोलले लोक?"

"चांगलं बोलले."

तो माझ्याकडे बघत राहिला. "अजून काही?"

"काही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि ताटं घेतली. जेवताना त्याने पुन्हा विचारलं, अजून काही? मी खेकसले, की किती वेळा सांगू. शनिवारी सकाळी कामावर निघताना बूट घालून दारात उभा राहिला, आणि पुन्हा एकदा तेच. मी मान हलवली. संध्याकाळी नचिकेतचं विमान गेलं.

सात वर्षं मी ते पोटात ठेवलं. सांगायची वेळ निघून गेली असं आधी स्वतःला समजावलं, मग सांगून आता काय उपयोग, असं. दोन हजार आठ साली एका मराठी वाहिनीवर नचिकेतची मुलाखत लागली. मी एकटीच घरी होते. त्याने तीच आठवण सांगितली. बाहीची. आणि म्हणाला, "मी कुवेतला भरलेल्या हॉलमध्ये विचारलं. एकालाही तो माणूस माहीत नव्हता." खाली पट्टी आली, पुनःप्रक्षेपण शुक्रवारी दुपारी बारा वाजता. शुक्रवारी विश्वास घरी असायचा आणि साहेबांचं नाव असलेला एकही कार्यक्रम चुकवायचा नाही.

तेव्हा मी सांगायचं ठरवलं. पश्चात्ताप झाला म्हणून सांगितलं असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल. पकडली जाणार म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तो राईहून आला. गुडघे दुखायला लागले होते, खुर्चीत बसून शेकत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांचा निरोप, नचिकेतचा प्रश्न, रेखाताईंना दिलेलं उत्तर. तो ऐकत राहिला. शेकायची पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मजीदचा फोन तू यायच्या आधीच आला होता."

मी म्हटलं, "म्हणजे त्या संध्याकाळपासून? मग नचिकेतला भेटायला का नाही गेलास? अख्खा शनिवार होता."

"गेलो असतो तर तू सगळ्यांसमोर खोटी पडली असतीस."

"मग मला तरी बोलायचं होतंस. भांडायचं होतंस."

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "तीनदा. मार्कर तेवढंच करतो गं. तोंडाकडे बघून थांबतो."

मी रडत होते आणि मला रडायचाही हक्क वाटत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता तरी सांगितलं ना मी."

त्याने शेकायची पिशवी बाजूला ठेवली. मला टोचावं असं त्याच्या मनात नसावं, ते त्याला कधी जमलंच नाही. त्याला बहुधा फक्त ती जुनी दुपार आठवली असावी.

"साहेब लगेच सांगायचे," तो म्हणाला.