दीक्षाची मोहरीची बाळं

कर्वेनगरची दीक्षा प्रयोगशाळेत मोहरीची बाळं करते, असं तिच्या आई, वेणूबाई, अगदी भाजीवालीलासुद्धा सांगतात. बाळं म्हणजे रोपांची हो. मोहरीची न उमललेली कळी घ्यायची, तिच्यातले पराग काढायचे, काचेच्या बशीत साखरपाण्यात सोडायचे आणि बशी अंधाऱ्या, उबदार पेटीत ठेवायची. परागाचं खरं काम दुसऱ्या फुलावर जाऊन बी धरवायचं. पण पेटीतल्या उकाड्यानं तो ते विसरतो आणि लहर लागली तर स्वतःच गर्भ होऊन वाढायला लागतो.

दीक्षाच्या परागांना काही लहर लागेना. लागणार कशी? ही बाई घडीघडीला पेटी उघडणार, बशी उजेडात धरणार, हळहळून परत ठेवणार. घरी शिजत्या भातावर हिनं कधी झाकण राहू दिलं नाही, ती इथं काय धीर धरणार! शेवटी तिचे रविराज सर शांतपणे म्हणाले, ही शेवटची खेप. यातही काही आलं नाही तर मोहरीचं काम शेजारच्या टेबलावरच्या सलिलकडे. दीक्षानं एवढी वर्षं त्याच कामात घातलेली.

मग तिनं काय करावं? पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली सलिललाच दिली. ज्याला काम मिळायचं, तोच राखणदार. मी काहीही सांगितलं तरी देऊ नकोस, असं वर बजावलं.

दुसऱ्याच दिवशी मागायला हजर. आधी म्हणे वीज गेली होती का बघते, मग म्हणे माझं पेन आत राहिलंय.

"पेन मी काढून देतो," सलिल म्हणाला. "कुठल्या रंगाचं?"

दीक्षानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यानं मात्र सुरुवातीचा उकाडा पुरे झाल्यावर वेळेवर बाहेरच्या बटणानं पेटीची ऊब कमी केली, बश्यांना हात लावला नाही.

काही आठवड्यांनी सरांसमोर कुलूप निघालं. बशीत रव्याच्या कणांसारखे पांढुरके ठिपके, गर्भच ते. सरांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"मोहरी तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

दीक्षा घरी आल्यावर वेणूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"नुसत्या परागाची झाली, म्हणजे यांना आई नाहीच?"

"नाही."

"मग आता मोठी कोण करणार?"

"मी."

वेणूबाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बिचारी बाळं," म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या.