मॅट्रिकबाईचा हिरवा ठिपका

“माले इंग्रजी येत नही, माय,” मॅट्रिकबाई म्हणाली तेव्हा माझा घसा निम्मा बंद झाला होता. गंगापूर रोडवरच्या त्या स्वस्तातल्या मोठ्या दुकानाच्या पायरीवर मी बसले होते. ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. अर्धं खाल्लेलं चॉकलेट माझ्या हातात होतं आणि त्याच्या कागदावर मी बोट आपटत होते, की यात काय आहे ते पुन्हा वाच. पंधरा वर्षं ही बाई माझ्यासाठी इंग्रजी वाचत होती. आणि आता सांगत होती की येत नाही.

तिचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा तिच्या नवऱ्याने सांगितलं, आमची ही मॅट्रिक आहे. तेच नाव पडलं. माहेर सटाण्याकडचं, घरची बोली अहिराणी, पण बोलणं असं शुद्ध की शाळेतल्या बाई झक मारतील. मी सिन्नरच्या खेड्यातली. माझ्या तोंडून ‘हाय’ नाहीतर ‘नाय’ निघालं की ती लगेच टोकायची, “आहे म्हण, आहे. चौथी पास झालीस ना?” मला राग यायचा आणि तरी मी सुधारून घ्यायचे. माझं आजचं बोलणं निम्मं तिने घडवलेलं आहे.

मला शेंगदाणा चालत नाही. लहानपणी एकदा मरता मरता राहिले, तेव्हापासून जाणूनबुजून दाणा तोंडात घेतलेला नाही. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही आणि उपासाला तर दाण्याशिवाय पान हलत नाही. अशा ठिकाणी मी जन्म काढला. लोकांना हे नखरे वाटायचे. सासूबाईंनी एकदा आमटीत चिमूटभर कूट घालून पाहिलं, खरंच काही होतं का म्हणून. झालं. त्यानंतर दुसऱ्याच्या हातचं खायचं मी सोडलंच होतं.

मॅट्रिकबाईने मात्र पहिल्या दिवशी ऐकलं आणि विश्वास ठेवला. लग्नाला गेलो की ती आहेराचं पाकीट माझ्याकडे द्यायची आणि तडक आचाऱ्याकडे जायची. एका आचाऱ्याने हसण्यावारी नेलं तेव्हा शांतपणे म्हणाली, “हिच्या ताटाला दाणा लागला तर मांडवातून आधी हिला न्यावं लागेल, मग वरात.” तो आचारी माझं पान स्वतः घेऊन आला. तिच्यामुळे मी चारचौघांत जेवायला लागले. हे मी विसरलेले नाही.

पुढे सगळंच पाकिटात मिळायला लागलं आणि पाकिटावर इंग्रजी. मी पुडा घेऊन वर जायचे. ती आधी चष्मा पुसायची, अगदी सावकाश. “घाईत वाचलेलं न वाचल्यासारखं,” असं म्हणायची. मग पुडा ठेवून घ्यायची आणि सकाळी खाली येऊन सांगायची, खा किंवा खाऊ नको. एकदाही चुकली नाही. चुकणार कशी? तेवढ्या वेळात ती कुणालातरी विचारून यायची. वाण्याला, औषधाच्या दुकानदाराला, समोर राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांना. हे मला नंतर कळलं.

त्या दुकानात विचारायला कुणी नव्हतं. माल फळीवर, आपणच उचलायचा. माझी नात तेव्हा कॉलेजात होती. तिच्या मैत्रिणींत एका चॉकलेटचं वेड आलं होतं, आत सारण भरलेल्या. करंजीत सारण भरतात तसं चॉकलेटात काय भरतात, ते मला बघायचं होतं. स्वस्तात लावलेल्या ढिगात ते दिसलं. मॅट्रिकबाईने चष्मा पुसला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, “हिरवा ठिपका आहे. खा बिनधास्त.”

हिरवा ठिपका म्हणजे मांसमच्छी नाही, एवढंच. तिला कुणीतरी सांगितलं होतं, हिरवा असला की आपल्याला चालतं. त्या ‘आपल्याला’मध्ये तिने मलाही धरलं.

बाहेर येऊन पायरीवर मी चावा घेतला. आतलं सारण पिवळसर, मऊ, पुरणासारखं. दाण्याची चव मला आठवतच नव्हती, त्यामुळे आवडलं. दुसरा घास घेतला आणि जीभ जड झाली.

रिक्षा तिनेच थांबवली, आत बसलेल्या माणसाला हाताला धरून उतरवलं, हे खरं आहे. दवाखान्यात सुया टोचल्या. नर्सने कागद बघून एका क्षणात सांगितलं, शेंगदाण्याचं लोणी आहे, मोठ्या अक्षरात लिहिलंय की. संध्याकाळी मॅट्रिकबाई खाटेजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, “वाचलीस गं.”

“वाचले मी,” मी म्हटलं. “वाचलं नाहीस ते तू.”

मग तिने सगळं सांगितलं. शाळा सहावीपर्यंत. नवऱ्याने चार लोकांत मॅट्रिक म्हणून मिरवलं, तिने एकदा मान डोलावली आणि मग नाही कधी म्हणायचं ते तिला कळलं नाही. मी ऐकून घेतलं. दाणा मला मारू शकतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्यापासून लांब राहत होते. तिच्यापासून लांब राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी तिला तोंडावर बोलले आणि तिला जायला सांगितलं.

महिन्याने ती दाराशी आली. मी जाळीच्या आत उभी होते, दार उघडलं नाही. बाहेरून तिने म्हणून दाखवलं, “पी, ई, ए, एन, यू, टी.” माझ्याच नातीकडून तो एक शब्द तिने शिकून घेतला होता. मग जिना चढून गेली.

पुढे आम्ही बोलायला लागलो. गॅस आला का, पाणी गेलं का, एवढंच. पुडा मी तिच्या हातात पुन्हा दिला नाही आणि तिने मागितला नाही. नवरा गेल्यावर ती मुलीकडे सटाण्याला गेली. निघताना म्हणाली, “सांभाळून खात जा.” मी म्हटलं, “हो.”

दोन वर्षांनी तिच्या मुलीचा फोन आला. छातीत दुखलं आणि गेली, जवळ सगळे होते.

ते चॉकलेट मी खाल्लं होतं. ती गेली. मी अजून आहे.