थांबाताईचा रविवार

चष्म्याच्या दुकानात ती नुसती 'ताई' होती. फ्रेमचा सैल झालेला स्क्रू पिळायचा, नाकावर रुतणारी गादी बदलायची, काडी गरम करून गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसेल अशी वाकवायची आणि "आता खाली बघा, आता मान हलवा" असं दिवसभर म्हणत राहायचं, हे तिचं काम. घरी ती 'ए' होती. तिच्या वडिलांची उजवी बाजू लुळी पडून बरीच वर्षं झाली होती, पण लाकडाच्या वखारीत माणसांवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज तेवढा शाबूत राहिला होता. तो दमला की डाव्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा होताच. पेल्यावर चमचा वाजला की हातातलं टाकून धावायचं. कूस बदलायची, पाणी पाजायचं, पडदा सारायचा, आणि ऊन डोळ्यांवर आलं की तोच पडदा परत ओढायचा.

थांबाताई ती व्हायची महिन्यातून एकदाच, एका रविवारी.

त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ वडिलांपाशी येऊन बसायचा आणि ती डोंगर चढणाऱ्यांच्या गटाबरोबर जायची. भाऊ बसायचा म्हणजे जगावर उपकार करायचा. वडिलांना जेवण ती भरवण्यासारखं करून ठेवायची, चादर बदलून जायची, औषधं काढून ठेवायची. राहता राहिलं काय, तर खुर्चीत बसून फोन बघणं. तेवढ्यानेही भावाच्या नाकी नऊ यायचे. संध्याकाळी पाच वाजले की तो उठणार, मग ती दारात असो वा नसो. एकदा ती पायात गोळा आलेला असताना लंगडत, धापा टाकत वेळेवर पोचली, तर तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "बघ, ठरवलं की जमतं!"

गट लहानसा होता. म्होरक्या होते कंडक्टरकाका. बसमधून निवृत्त झाले तरी माणसं मोजायची खोड गेली नव्हती. चढावर, उतारावर, दर वळणावर ते मागे वळून डोकी मोजायचे आणि एक जास्त निघालं की स्वतःलाच दोनदा मोजलं म्हणून हसायचे. दुसरा हौशी गडी म्हणजे बेकरीवाला. अंगाने आडवा, मनाने उदार, पिशवीत सगळ्यांना पुरतील इतके पाव. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती, आणि नसली तर तो ती तिथल्या तिथे तयार करायचा.

गटाचा एक नियम होता. वाटेत साप दिसला की दिसेल त्याने "थांबा" म्हणायचं, सगळ्यांनी होते तिथे उभं राहायचं, आणि "चला" फक्त तिने म्हणायचं. हा मान तिला मागून मिळाला नव्हता. पहिल्याच वर्षी गवतातल्या एका सापावर तिचा पाय पडता पडता राहिला. घाबरून घरी बसायचं, तर तिच्याकडे होता एकच रविवार. तो भीतीच्या घशात घालणं तिला परवडणारं नव्हतं. मग साप पकडून रानात सोडणाऱ्या एका बाईकडे ती दुकान सुटल्यावर जाऊ लागली. काय बघायचं आणि त्याहून जास्त, किती लांबून बघायचं, हे तिथे शिकली. गटातल्या लोकांना मग ती सांगायची: दगडावर हात टेकायच्या आधी पलीकडे डोकवा, ओंडका ओलांडू नका, त्याच्यावर चढून पुढे बघून उतरा, गवतात काठी आपटत चला. बेकरीवाल्याने एकदा विचारलं होतं, "डोळ्यातली बाहुली उभी असली की साप विषारी, खरं ना?"

"बाहुली दिसण्याइतके जवळ गेलात तर पुढचं मला नाही, डॉक्टरला विचारा," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या 'थांबा'ला वजन आलं आणि नावही पडलं.

तो रविवार थंडीतला होता. माथ्यावर जाऊन सगळे लवकरच उतरायला लागले होते. खालच्या गावाच्या अलीकडे एक आडवी वाट लागते. डाव्या हाताला सरळ कातळ, उजव्या हाताला खोल उतार, आणि मधे एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. वाट वळते तिथे ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाच्या तुकड्यात, वाटेवर आडवा, साप पडला होता.

"थांबा," पुढचे कंडक्टरकाका म्हणाले आणि मागे सरकले. ती पुढे आली.

साप जाडजूड होता. रंग मातकट, त्यावर गडद ठिपके. पण कात टाकायला आलेला असल्याने सगळा अंगरखा धुरकटलेला. तोंड पाचोळ्याखाली आणि शेपूट कातळाच्या फटीत. ओळखायला जी दोन टोकं हवीत, नेमकी तीच झाकून स्वारी मधलं पोट दाखवत पडली होती. डुरक्या असेल तर गरीब प्राणी, शेपूट बोथट, विष नाही. घोणस असेल तर चावल्यावर माणसाला झोळीत घालून उतरवायचं, हातपाय न हलवता, आणि इस्पितळ गाठेपर्यंत देवाचा धावा करायचा. दोघं एकमेकांसारखे दिसतात, यातच कितीतरी जण गेले.

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

"कळत नाही. आणि कळत नाही तोवर विषारी."

त्यांनी लांबूनच पाय आपटले. साप थंडीने गारठलेला, त्याला ऊन सोडवेना. मागे फिरून डोंगराला वळसा घालायचा म्हणजे अंधार पडणार. थांबण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. ऊन सरकलं की तोही सरकेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि कातळाला पाठ लावून उभी राहिली. सांगताना आवाज शांत होता. पोटात मात्र पाच वाजत होते.

बस अडकली तर उतरून पळता येतं, रिक्षा करता येते, चप्पल हातात घेऊन धावता येतं. इथे काय करणार? पुढे साप, मागे डोंगर. सगळ्यांत जास्त घाई जिला, तिनेच सगळ्यांना थांबवून ठेवायचं. या 'थांबा'चा तिला पहिल्यांदाच राग आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"कुठवर आलीस?" भाऊ म्हणाला.

"वाटेत साप आहे रे. अडकलोय आम्ही. थोडं थांब ना आज."

"साप?" तो हसला. "बरा सापडला! ताई, माझी गाडी आहे साडेपाचची. मी पाचला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. आणि एक सांगतो, आज उशीर केलास ना, तर पुढच्या महिन्यापासून मला गृहीत धरू नकोस. मलाही संसार आहे."

मागून पेल्यावर चमचा वाजत होता. "आलो हो!" भाऊ तिकडे खेकसला आणि फोन बंद झाला.

तिने फोन खिशात घातला. पुढच्या महिन्यापासून एकही रविवार नाही. दुकान, घर, पेला, चमचा. डोंगर आता लांबून दुकानाच्या काचेतून दिसेल तेवढाच. नेमका त्याच वेळी बेकरीवाला कानाशी येऊन म्हणाला, "ताई, डुरक्याच आहे हो हा. मी पैजेवर सांगतो. काठीने अलगद उचलतो आणि खाली सोडतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"डुरक्याच वाटतोय," ती म्हणाली.

बोलून गेली आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. कुणी शंका घेतली नाही. इतकी वर्षं तिने कमावलेला विश्वास तो हाच. बेकरीवाल्याने बाह्या सारल्या, काठी सरसावली आणि "सरका, सरका" करत निघाला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून उरलेल्या पावांचा कागद बाहेर डोकावत होता. त्याला घरी बायको होती, दोन मुली होत्या, पहाटे पेटवायची भट्टी होती. आणि तो तिच्या शब्दावर चालला होता, तिला पाचच्या आत घरी जायचं होतं म्हणून.

"थांबा!" ती किंचाळली. "पुढे जाऊ नका! मला माहीत नाही तो कोण आहे. मी खोटं बोलले!"

बेकरीवाला काठी उगारलेल्या हातानेच जागच्या जागी थबकला. तिच्या ओरडण्याने नसेल, त्याच्या पावलांनी असेल, पण सापाने पाचोळ्यातून तोंड बाहेर ओढलं, अंगाचं वेटोळं केलं आणि कुकरची शिट्टी अडकल्यासारखा फुत्कार सोडला. धुरकट कातडी ताणली गेली तशी पाठीवरची साखळी एकेक कडी मोजता येईल अशी दिसली. घोणस होती.

"मागे या," ती म्हणाली. "सावकाश. पाठ फिरवू नका."

तो मागे आला. चेहरा त्याच्याच बेकरीतल्या मैद्यासारखा पांढरा. खाली बसला, पाणी प्यायला. कंडक्टरकाका उगाच डोकी मोजत राहिले. ती सगळ्यांपासून बाजूला उभी होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी बेकरीवालाच म्हणाला, "ताई, घरी जायची एवढी घाई होती तर तसं सांगायचं ना मला. सापाला कशाला खोट्यात पाडलंत?"

तिला हसूही आलं आणि रडूही. "चुकले," एवढंच तिला म्हणता आलं.

ऊन कातळावर चढलं. वाटेवर सावली आली तशी घोणसीने वेटोळं सोडलं आणि कसलीही घाई न करता कातळाच्या फटीत शिरली. साप पुरता आत गेल्यावरही ताईने वाट पाहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. आज तरी हा अधिकार काढून घ्या, असं तिला वाटलं, पण काका म्हणाले, "म्हणा आता." फटीपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहून एकेकाने जायचं, असं सांगून ती म्हणाली, "चला."

घरी पोचली तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. शेजारच्या काकूंनी किल्ली देताना, "मघाशी खूप ओरडत होते गं, मग गप्प झाले," असं सांगितलं.

बाबा पलंगावर तसेच होते. चमचा जमिनीवर पडलेला, पेला लांब घरंगळलेला. चादर ओली. तिने दिवा लावला आणि मान खाली घालून कामाला लागली. आता आवाज येणार, भिंती हादरणार, म्हणून खांदे आवळून तिने त्यांना पुसलं, कपडे बदलले, कोरडी चादर घातली. आवाज आला नाही.

"चमचा पडला," बाबा म्हणाले. ओरडून ओरडून घसा बसला होता. "मग वाजवता येईना."

"उशीर झाला, बाबा."

"मला वाटलं, गेलीस तू."

"कुठे?"

"कुठेही. मी तुझ्या जागी असतो तर कधीच गेलो असतो."

ती पलंगाच्या कडेला बसली. सापाचं सांगितलं, भावाच्या फोनचं सांगितलं, खोटं बोलल्याचंही सांगितलं. बाबा छताकडे बघत ऐकत होते.

"माणूस मेला असता," ते म्हणाले.

"हो."

"या पलंगापायी." मग त्यांनी डाव्या हाताने चाचपत तिचा हात शोधला. "पुढच्या खेपेला मला कुलूप घालून जा, पोरी. तो येवो न येवो. परतायची घाई करू नकोस. आज राहिलो की नाही एकटा? राहीन. तू जा."

पोरी. हा शब्द या घरात शेवटचा कधी ऐकला ते तिला आठवेना. ओरडणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवून जिना उतरणं सोपं होतं. दर महिन्याला त्या रागाच्या जोरावरच तर ती उंबरा ओलांडत होती. 'ए' म्हणणाऱ्याला सोडून जाता येतं. पोरी म्हणणाऱ्याला, ओल्या चादरीवर गप्प पडून राहीन म्हणणाऱ्याला, बाहेरून कुलूप कसं घालणार? भावाने तिचा रविवार नुसता काढून घेतला होता, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. बाबांनी तो तिला देऊन टाकला, आणि आता तो तिला कधीच घेता येणार नव्हता.

"बघू," ती म्हणाली.

ओरडा ना बाबा, तिने मनातल्या मनात विनवलं. पूर्वीसारखे एकदा ओरडा माझ्यावर. पण त्यांचा डोळा लागला होता, आणि तिचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.