चाचांचे नऊ बोर्ड

"अजून एक हात पायजे," म्हणत चाचा भिंतीपासून दोन पावलं मागे सरकायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचे. रंगाच्या एका थराला रंगारी हात म्हणतात. फोरमन यल्ला यल्ला, चला चला करत घाई करायचा, चाचा आपले उभेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याचं काम दुसऱ्यांच्या मते कधीच संपलेलं असतं.

मस्कतच्या एका रंगकामाच्या कंपनीत ते पेंटर होते आणि मी स्टोअरकीपर. मी चिपळूणचा, ते दापोलीकडच्या बंदरावरचे. आम्ही आपसांत मराठीत बोलायचो.

दोन हजार चारच्या सुमारास शहरातल्याच अझैबा भागात एका मेक्सिकन बाईच्या घरी त्यांना भिंतींना लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला पाठवलं. बाई चित्रकार होती. तिची चित्रं म्हणजे वाळू आणि संगमरवराच्या भुकटीचे जाड थर, वर झेंडूचा पिवळा, गर्द निळा, मग पत्र्याने खरवडून खालचा लाल उघडा केलेला. चाचा परतले ते थेट स्टोअरमध्ये.

"तिला लांबी भरता येते," म्हणाले. याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. "पण वाळू समुद्रावरची घेते. खार फुटंल. सांगून आलो."

कुठल्या भाषेत, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते तिला चित्रांसाठी प्लायचे बोर्ड तयार करून द्यायला जाऊ लागले. उरलेले रंग ती त्यांना द्यायची. आमचा कामगारांचा कॅम्प शहराबाहेर, अल अमेरातला. तिथे खोलीमागच्या सावलीत त्यांनी स्वतःचे बोर्ड सुरू केले. खोलीतले विचारायचे, "चाचा, हे काय काढलंय?"

"भिंतीला विचारतोस काय, तू कशाचं चित्र हायेस म्हणून?"

दोन वर्षांत नऊ बोर्ड झाले. बाईने येऊन पाहिले. नंतर म्हणाली, उन्हाळा संपल्यावर मस्कतमध्ये माझं प्रदर्शन आहे, तिथे हे नऊही लावू. त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः प्यायचा विसरले.

दोन हजार सातच्या मे महिन्यात मुलीच्या लग्नासाठी ते गावी गेले. जाताना म्हणाले, "बोर्डांवर नजर ठेव."

जूनमध्ये वादळ आलं. दुपारी कॅम्पच्या खिडक्या फुटल्या, आत पाणी शिरलं. खोलीत अठरा माणसं होती, एकाला काच लागलेली. स्टोअरमधलं प्लाय आधीच साइटवर गेलं होतं. मी चाचांचे बोर्ड उचलले. पहिल्याची रंगाची बाजू आत ठेवून मी तो फुटक्या खिडकीवर ठोकला. पुढच्यांना बाजू बघायला सवड नव्हती.

पाणी ओसरलं तेव्हा प्लाय फुगलं होतं आणि थर ढलप्यांनी गळून पडले होते. आतल्या बाजूचाही वाचला नाही.

चाचा परतल्यावर मीच त्यांना खिडकीपाशी नेलं.

"माणसं वाचली ना?"

"वाचली."

"मग झालं."

त्यांनी हातोडी मागून घेतली आणि एकेक खिळा उपसला. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. "जमा करून घे," म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरल्याप्रमाणे बाई प्रदर्शनासाठी बोर्ड न्यायला आली. "पुन्हा करा," ती म्हणाली. चाचांनी नकारार्थी मान हलवली. तरी मी नऊ नवे बोर्ड आणून त्यांच्या खाटेमागे लावले. वर्षभर त्यांवर धूळ बसली. कामावरही ते आता 'अजून एक हात' म्हणायचे नाहीत. फोरमन पुरे म्हणाला की ब्रश धुवायला घ्यायचे. पुढे साखर वाढली, पायाला जखम झाली आणि कंपनीने व्हिसा रद्द करून त्यांना घरी पाठवलं.

ते वारल्याचं कळल्यावर, सुट्टीत, मी त्यांच्या गावी गेलो. मुलगी माहेरी आलेली होती. तिने खुर्ची पुसून दिली.

"अब्बा घरी तिकडचं काहीच बोलायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सोबत होतात. काय रंगवायचे ते?"

बोर्डांचं, खिडक्यांचं सगळं सांगायचं म्हणून मी इतक्या लांब आलो होतो.

"भिंती," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली.